कुलपावरची पांढरी पट्टी

८ फेब्रुवारी, रविवार

पियानो मला! घर दोघांचं, भांडीकुंडी वहिनीला, पुस्तकं शाळेला — आणि पियानो धाकटीला. आत्याच्या मृत्युपत्रात, तिच्याच अक्षरात, शाईने, खाली दुहेरी रेघ. दादाने कागद वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

मला! सगळ्या गल्लीला शिकवलं तिने. दादाला शिकवलं, ज्याला दाराची घंटा आणि सायकलची घंटा यातला फरक अजून कळत नाही. डॉक्टरच्या जुळ्यांना शिकवलं. शिंप्याच्या मुलाला शिकवलं, तो तर वाजवता वाजवता झोपायचा. मला सोडून सगळ्यांना. आई-बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची, दादा नऊचा. तिनेच वाढवलं आम्हाला. पंधरा वर्षं त्या पियानोपासून दहा पावलांवर झोपले आणि एक ओळ धड वाजवता येत नाही. आता हे धूड माझ्या गळ्यात.

घराला गिऱ्हाईक मिळालंय. पंधरा मार्चला किल्ल्या द्यायच्या. दादा म्हणाला, तुझा आहे, तू ठरव, पण त्याच्या आत ठरव. माझं ठरलंय. विकायचा!

१० फेब्रुवारी

कारखान्यात आज एका भट्टीचे निम्मे कप बाद केले. भट्टीवाला फुरंगटला. डोळ्यांना तर काही दिसत नाही, म्हणे. डोळ्यांनी बघतंय कोण! कप बोटावर टांगायचा, लाकडी काडीने टिचकी द्यायची. चांगला कप बोलतो. तडा गेलेला खोकतो. सव्वीस वर्षं हेच करतेय, म्हणून तर टिचकीबाई म्हणतात मला. भट्टीवाल्यापुढे दोन कप वाजवून दाखवले. त्याला दोन्ही सारखेच वाटले. बिचारा.

जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला रविवारी बोलावलंय असा दादाचा निरोप.

१५ फेब्रुवारी, रविवार

व्यापारी येऊन गेला. गुळगुळीत माणूस. पियानोभोवती दोनदा फिरला, झाकणावरच्या अर्धवट उडालेल्या सोनेरी अक्षरांवरून नख फिरवलं आणि आवाज खाली आणला. म्हणाला, हे नाव खरं असेल तर एक गिऱ्हाईक आहे, मोठ्या दिवाणखान्यात ठेवेल. पण कुणी बनवला आणि कोणत्या साली, हे जाणत्या माणसाकडून लेखी हवं. नाव खोटं निघालं तर? तर सुतार लाकडाचं काहीतरी करेल, असं म्हणाला आणि हसला.

आत्या पियानोचं वय विचारलं की दोनशे वर्षं म्हणायची. दोनशे! वर आणि सांगायची, कुठल्याशा राजाच्या जहाजातून आला. मी दहा वर्षांची असताना राजाचं नाव विचारलं होतं. ‘राजाला नावानं हाक मारत नाहीत,’ म्हणाली.

व्यापाऱ्याने जाता जाता सांगितलं, जरा स्वच्छ करून ठेवा. त्याचं खरं आहे. धूळ बोटभर आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर आत्याच्या घरी. एकटीच. सामान हलल्यामुळे खोल्या मोठ्या झाल्यात, पाऊल टाकलं की कुणीतरी मागून चालल्यासारखं वाटतं.

पियानोची पुढची फळी काढली. आतल्या पट्ट्या एकेक करून वर उचलल्या की सुटतात — लांबलचक लाकडी पट्ट्या, बाहेर दिसतो तो नुसता शेंडा. प्रत्येकीवर आकडा, एक ते पंच्याऐंशी, म्हणजे चुकायची भीती नाही. साबणाचं पाणी, फडकं, मग बारीक पॉलिश कागद. कडा कशा निघाल्या! नव्या पेन्सिलीच्या लाकडासारख्या. पहिल्या पट्टीच्या कडेवर तर कुणीतरी पेन्सिलीने गिरबटून ठेवलं होतं, तेही घासून साफ केलं. शेवटची पंच्याऐंशीवी पट्टी मात्र निघेना. फुगून बसलीय. ओढाओढ नको म्हणून सोडली.

दुपारी पट्ट्या उन्हात मांडून तिथेच जमिनीवर आडवी झाले. काचेतून ऊन येत होतं, त्यात धूळ वर-खाली होत होती, आणि मी अर्धवट झोपेत पुन्हा सात वर्षांची झाले. माझी जागा पियानोखाली, पेडलपाशी. शिकवणी चालू झाली की मी तिथे शिरून बसायची. समोर मुलांचे लोंबते पाय, वर गडगडाट. बाजूला आत्याच्या परकराचा घेर — ती कधी बसायची नाही, पियानोला तळहात टेकून उभी राहायची, ताप बघावा तशी. मला वाटायचं, पियानो आजारी आहे.

आणि माझ्या डोक्यावर लाकडात एक पक्षी होता. हे मला आठवतंय की झोपेत दिसलं, सांगता येत नाही. उठले तेव्हा गालावर फरशीची रेघ उमटली होती.

२२ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं.

तेव्हाच्याच एका दुपारी मी पियानोखालून बाहेर आले आणि म्हटलं, आत्या, कुलपावरची पांढरी रडते. झाकणाचं कुलूप जिथे आहे त्याच्या बरोबर वरची पट्टी. आत्या खाली वाकली, माझी हनुवटी धरून म्हणाली, ‘परत बोल.’ मी परत बोलले. तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता मार बसणार. मार नाही बसला. मी म्हटलं, मला शिकव ना, दादाला शिकवतेस तसं. तिने माझा हात उलटासुलटा केला आणि म्हणाली, ‘तुझी बोटं आखूड आहेत. तुला नाही जमायचं.’

एवढंच. त्यानंतर शिकवणीच्या वेळी मला शेजारी पाठवायला लागली. पियानोखालची जागा गेली ती गेलीच. पन्नाशीला आले, तरी हे विसरले नाही.

२५ फेब्रुवारी

ट्यूनर आला — पियानोचे सूर लावणारा, व्यापाऱ्याला लेखी द्यायला मीच बोलावलेला. सत्तरी ओलांडलेला, किडकिडीत, हातात डॉक्टरसारखी बॅग. रजा काढली होती मी. त्याने आधी पियानोला हात लावला नाही, नुसता समोर स्टुलावर बसून राहिला. मग म्हणाला, पहिली पट्टी द्या बघू.

मी मोठ्या अभिमानाने दिली. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. ‘इथे काही लिहिलेलं नव्हतं?’

होतं ना, गिरबटलेलं, घासून काढलं, असं मी सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. ‘बाई, ती याची जन्मपत्रिका होती. तुम्ही पुसलीत.’

मग कळलं. पियानो बनवणारा कारागीर पहिल्या पट्टीच्या कडेवर आपलं नाव आणि तारीख लिहितो. पट्ट्या बसवल्या की ते कुणाला दिसत नाही. मालकाला तर नाहीच. झाकणावरचं सोनेरी नाव विकणाऱ्या दुकानाचंही असू शकतं, खरं नाव आत असतं. शंभरेक वर्षं टिकलेलं अक्षर मी एका शनिवारात साफ केलं. तेही पॉलिश कागदाने! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

माझं तोंड बघून त्यालाच दया आली असावी. म्हणाला, शेवटची पट्टी आहे अजून. पहिली कारागिराची, शेवटची आमची. जो ट्यूनर येतो तो शेवटच्या पट्टीच्या कडेवर तारीख टाकतो आणि पुढच्यासाठी चार शब्द लिहितो — कुठली तार तुटते, कुठली खुंटी सैल आहे, घरात मांजर आहे. आम्ही एकमेकांना भेटत नाही, तिथेच बोलतो, म्हणाला. पहिला ट्यूनर पियानो नवा असतानाच येतो, म्हणजे साल तिथे सापडेल.

पण ती पट्टी फुगलेली. जोर केला तर कडेचं लाकूड सोलून निघेल आणि अक्षरही. त्याने पियानोच्या पोटात एक लहान दिवा टांगला. मंद, साधा बल्ब. दहा-बारा दिवस चालू ठेवायचा, हळूहळू ओल जाईल. आठ मार्चला येतो म्हणाला.

जाण्याआधी खुंट्या तारा धरतात का बघायला मधली एक पट्टी बसवून सुरात लावून पाहिली. किल्ली फिरवली, वाजवली, मला विचारलं, ‘आता कसं वाटतं?’ मी म्हटलं, अजून केसभर खाली आहे. तो हसला. तार मुद्दामच कच्ची ठेवून विचारतो म्हणे. त्याच्या गुरूची पद्धत. मालक ‘छान’ म्हणाला की समजायचं, याला ऐकू येत नाही, याच्यासाठी कितीही घाम गाळा, फुकट. माझ्या हातांकडे बघून म्हणाला, ‘एवढे कान, एवढी लांब बोटं, आणि वाजवत नाही?’

लहानपणी आखूड होती, असं सांगितलं.

२६ फेब्रुवारी

काम झाल्यावर दिवा बघायला गेले. उगाचच. संध्याकाळ नुकती होत होती. पियानोच्या पुढच्या जाळीमागे रेशमी कापड आहे, त्यातून पिवळा उजेड पाझरत होता. सगळी खोली मधासारखी झाली होती. बसले तशीच. कोट न काढता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ट्यूनरचा निरोप: बनवणाऱ्यांचे छाप लाकडावर कुठे ना कुठे असतात, पाठीमागे, तळाला, शोधून ठेवा.

तळाला! मी टॉर्च घेतला आणि या वयात, या गुडघ्यांनी, पियानोखाली शिरले. खांदे अडकले. वहिनी सामान बांधायला आली होती, तिला माझे फक्त पाय दिसले, ती किंचाळली.

पक्षी आहे! स्वप्न नव्हतं ते! अंगठ्याएवढा, तापल्या लोखंडाने लाकडात डागलेला. चिमणी. चोच डावीकडे. खाली आकडा. मी तिथेच आडवी पडून हसत सुटले आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कानात गेलं. बेचाळीस वर्षं ती चिमणी तिथेच बसून होती. वहिनी विचारत होती, बाहेर ओढू का?

२ मार्च

ट्यूनरला कारखान्यातून फोन केला. चिमणी म्हटल्यावर त्याने आधी चोच कुठल्या बाजूला ते विचारलं. मग सांगितलं — नदीकाठी तिघा भावांचा कारखाना होता. लाकूड थोरला निवडायचा, तारा मधला ओढायचा, धाकटा तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना लोकर चढवायचा. वर्षाला दहा-बारा पियानोच करायचे, आणि स्वतःचं नाव कधी लावायचे नाहीत. दुकानदार म्हणेल ते नाव सोनेरी अक्षरात. खाली मात्र चिमणी. पुढे कारखाना बंद पडला, पियानो कुठे कुठे गेले. त्याने आयुष्यात दोन पाहिलेत, हा तिसरा. आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, म्हणाला.

मग राजाच्या जहाजाचं काय? नदीकाठचा पियानो जहाजातून कशाला येईल! आत्या, आत्या. पण मनातून बरं वाटलं. तिघा भावांचा. राजापेक्षा बरा.

३ मार्च

व्यापाऱ्याला खरं ते सांगितलं. त्याने चिमणीचं ऐकूनच घेतलं नाही. सोनेरी नाव दुकानाचं ना, मग राहू द्या, म्हणाला. इतक्या झटकन टोपी डोक्यावर ठेवली की टोपीचं आधीच ठरलेलं असावं.

दादाचं मत: सुतार. त्याचं चुकत नाही. माझ्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, जिना वळणाचा. चार हमाल लागतील आणि पलंग बाहेर काढावा लागेल. मी म्हटलं, आठ तारखेपर्यंत थांब, शेवटची पट्टी निघू दे. तो म्हणाला, साल कळून करणार काय? मला साल नकोच होतं. तिने तो मला का ठेवला, हे हवं होतं, आणि ते कुठल्या पट्टीवर लिहिलेलं असणार!

५ मार्च

बँकेत डॉक्टरची जुळी भेटली — त्यातली एक, बँकेत असते ती. आत्याची आठवण काढून रडली. मग सांगितलं, परवा एका हॉटेलात कुणी पियानो वाजवत होतं, काय बेसूर! तिच्या बहिणीलाही तसंच वाटलं. आपल्या बाईंच्या पियानोसारखा एकही नाही, म्हणाली.

मला हसू आलं. वरच्या तीन पट्ट्या खोकतात आत्याच्या पियानोच्या, आणि मधलीचं रडणं आहेच. गल्लीत दुसरा पियानो नव्हता. चाळीस वर्षं सगळ्यांनी त्यालाच सूर मानलं!

पण आत्याला कसं चाललं ते? तिचं सगळं कडक. बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून, पाठीमागून हाक मारली की ओ द्यायची नाही — असभ्यपणा म्हणायची. त्या शिस्तीपायी मी अजूनही समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बोलते, भट्टीवाला लाजतो. घरात फोनसुद्धा घेतला नाही तिने. ‘तोंड दिसल्याशिवाय माणूस खरं बोलतो की खोटं, कसं कळणार?’ आणि एवढी कडक बाई बेसूर पियानो खपवून घेते?

दिवा अजून चालू आहे. आज पट्टी किंचित हलली. मी ओढली नाही.

७ मार्च

दादा आला होता. वहिनीने धाडला असणार, मी काय करतेय ते बघायला. दोघं जमिनीवर बसलो, पियानोचा उजेड अंगावर घेत. चहा थंड झाला. त्याने उठून त्याला येते ती एकुलती एक धून वाजवली, तीन चुका करून. पट्ट्या मी परत बसवल्यात सगळ्या. कुलपावरची रडली. दादाला पत्ता नाही. पण वाजवून झाल्यावर तो पियानोवर हात ठेवून उभा राहिला, अगदी आत्यासारखा, आणि म्हणाला, ‘अंगात येतं बघ हे. हाताला कळतं.’ मग घड्याळ बघून गेला.

सुतार परवा येणार.

८ मार्च, रविवार

पट्टी निघाली. अलगद, दुधाच्या दातासारखी.

ट्यूनरने चष्मा लावून कड वाचली. सगळ्यात वर: नवा, पहिला सूर, १९०९. मग खाली खाली सतरा तारखा, सतरा जणांची अक्षरं. एकाने लिहिलंय, मांजर चावतं. शेवटच्या अक्षरावर तो थांबला. त्याच्या गुरूचं होतं. पट्टी त्याने मोठ्याने वाचली नाही, माझ्या हातात दिली.

साल बघितलं. मी सहा वर्षांची होते. खाली बारीक पेन्सिल:

‘बाईंना ऐकू येत नाही. कच्च्या सुरालाच छान म्हणाल्या. दोन पोरं पदरात आहेत, घर शिकवणीवर चालतं. पुढे येणाऱ्याने कुठे बोलू नये.’

पुढे कुणी आलंच नाही. तिने बोलावलंच नाही कुणाला.

माझी बोटं आखूड नव्हती.

ट्यूनरने बॅगेतून किल्ली काढून विचारलं, लावू का सूर? मी त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं — सुताराला नको म्हणून कळवते, चार हमाल बघते, पलंग बाहेर काढते. माझ्या घरी या आणि सगळा लावा. कुलपावरची पांढरी तेवढी राहू द्या.